पाकिटामागचं नाव

मंदाताई, तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी तुमच्या घरी शेवटच्या रांगेत बसले होते आणि सगळा वेळ तुमच्या लोखंडी कपाटाकडे पाहत होते. भंतेजी बोलत होते. तुमच्या फोटोपुढे मेणबत्त्या जळत होत्या. बाया रडत होत्या, मीही रडले, आणि ते रडणं खोटं नव्हतं. पण डोळे पुसून झाले की नजर परत कपाटावर जायची. आपल्या फर्मची निळी फाईल त्यात होती आणि किल्ल्यांचा जुडगा तुमच्या प्रज्ञाच्या हातात होता. ती तो या हातातून त्या हातात करत होती. मला वाटलं, हिनं फाईल आधीच काढून ठेवली असणार. मायलेकींनी मिळून मला कधीच बाहेर काढलं असणार, आज फक्त सांगायचं बाकी आहे.

तुमच्या मरणाच्या पंधरवड्यात माझ्या मनात हे चालू होतं. तुमच्याबद्दल चार चांगले शब्द लिहून द्या, असं मला प्रज्ञाच्या मैत्रिणीनं सांगितलं होतं. चांगले शब्द पुष्कळ आहेत. पण संशय वगळून लिहिलं तर ते तुमच्या-माझ्याबद्दलचं लिहिणं होणार नाही.

कारण आपली सुरुवातच संशयानं झाली. साकोलीच्या स्टॅंडसमोर मी उकडलेले शिंगाडे विकायची. ‘बोडीतले शिंगाडे घ्या, बोडीतले’ असं ओरडायची. तुम्ही कचेरी सुटल्यावर बसची वाट पाहत उभ्या राहायच्या, खांद्याला पर्स, हातात छत्री. एक दिवस शिंगाडा सोलता सोलता विचारलंत, “उरलेल्याचं काय करता?”

“वाळवतो, पीठ करतो. व्यापारी नेते.”

“अन् विकते कोणाच्या नावानं?”

“त्याच्याच. आणखी कोणाच्या?”

“तुह्या नावानं काहून नाही?”

यावर मी हसले. मग तुम्ही दुसरा प्रश्न विचारलात आणि माझं हसू थांबलं. “तलाव कोणाच्या नावानं हाये, निर्मला?”

घरी जाऊन मी यजमानांना सांगितलं. ते जाळं विणत बसले होते. हात न थांबवता म्हणाले, “तिले तलावाशी काय करायचं हाये? सांभाळून राय. कचेरीतली बाई हाये.” आमच्या ढिवरांच्या घरांत कचेरीतलं माणूस तलावाबद्दल विचारू लागलं की जुनी माणसं दार लावून घेतात. मी आठवडाभर स्टॅंडच्या दुसऱ्या बाजूला, पेट्रोलपंपाकडे जाऊन बसले. तुम्ही मला शोधत तिथे आलात.

“घाबरली का?” तुम्ही विचारलंत. मग तुम्ही माझ्या टोपलीशेजारी उकिडव्या बसलात, कचेरीची साडी धुळीत, आणि मला समजावून सांगितलंत. तलाव मच्छीमार संस्थेला ठेक्यानं दिलेला आहे. माझे यजमान संस्थेचे सभासद, मालक नव्हेत. टोपलीभर शिंगाडे विकते तोवर कोणी विचारणार नाही. पण पाकिटं भरून गावोगाव जाऊ लागली की कोणीतरी उठेल आणि म्हणेल, ही आमचा माल आपल्या नावानं विकून राहिली. “म्हणून आधी संस्थेकडून लिहून आण. ठराव पाहिजे. तोंडी नको.”

मी ठराव आणला. त्यासाठी मला चार वेळा अध्यक्षांच्या घरी जावं लागलं आणि मनातल्या मनात मी तुम्हाला शिव्या दिल्या. तीन वर्षांनी संस्थेत नवी माणसं आली आणि पहिल्याच सभेत त्यांनी आपला विषय काढला. तुम्ही पर्समधून ठरावाची प्रत काढलीत, टेबलावर ठेवलीत आणि एक शब्द न बोलता पाणी प्यायलात. त्या दिवशी मला तुमचा फार अभिमान वाटला होता. हे मी तुम्हाला सांगितलं नाही.

ठराव हातात आल्याबरोबर कागदांचं सुरू झालं होतं. तुम्ही मुदतीआधी निवृत्ती घेतलीत. दुकानाची नोंदणी, अन्न परवाना, फर्मच्या नावाचं पॅनकार्ड. मला वाटायचं, चक्की बसवली, इंदूबाईला सोलायला घेतलं, पीठ पाडलं, झाला धंदा. तुम्हाला वाटायचं, कागद झाला म्हणजे धंदा झाला. तहसीलीसमोरच्या अर्जनवीसाकडे भागीदारीचा दस्त लिहून घेताना तुम्ही त्या माणसाला घाम फोडलात. एकीनं दुसरीला न विचारता फर्मचं नाव वापरायचं नाही. एकीनं दुसरीला न विचारता फर्मच्या नावात, पाकिटात, पत्त्यात बदल करायचा नाही. कलमांवर कलमं. मला अपमान वाटला.

“ताई, एवढा बी भरोसा नाही का माह्यावर?”

“भरोसा आज हाये,” तुम्ही चष्म्यातून पाहत म्हणालात. “कागद उद्यासाठी असते.”

हे वाक्य मला बरेच दिवस टोचत राहिलं. उद्या मी काय करणार होते, असं तुम्हाला वाटत होतं? आता वाटतं, तुम्हाला काही दिसलं असेल. माझ्यातच नव्हे, सगळ्यांच्यात. इतकी वर्षं कचेरीत बसून तुम्ही भावाभावांच्या, नवराबायकोंच्या फायली पाहिल्या होत्या.

आता मी जे लिहिते आहे ते तुम्ही जिवंत असताना बोलायला हवं होतं.

आपल्या पाकिटावर पुढे इंग्रजी अक्षरांत ‘बोडी’ असं मोठं नाव आणि मागे पत्त्याखाली आपली दोघींची पूर्ण नावं होती. कायद्यानं फर्मचं नाव आणि पत्ता पुरेसा होता. दोघींची नावं टाकायची हा तुमचा आग्रह. “लोकाले समजू दे, बाया करून राहिल्या,” असं तुम्ही म्हणाला होतात. नवरात्राच्या आधी मी तुमसरच्या ठोक व्यापाऱ्याकडे नमुने घेऊन एकटीच गेले होते. तुम्हाला त्या दिवशी बरं नव्हतं. त्यानं पीठ चिमटीत घेतलं, जिभेवर ठेवलं, मान हलवली. मग पाकीट उलटं केलं. तुमचं आडनाव वाचलं. पुन्हा पुढची बाजू पाहिली, इंग्रजीतली अक्षरं लावली आणि म्हणाला, “बोधी? बुद्धाचं नाव आहे का हे?”

“नाही, बोडी. छोटा तलाव असते ना, आमच्याकडे बोडी म्हणते.”

“ते ठीक आहे बाई. माल एक नंबर आहे. पण उपासाचं पीठ आहे. गिऱ्हाईक पलटवून पाहते. मागचं हे दुसरं नाव काढा, मग पाठवा पेट्या.”

मी तिथून उठून यायला हवं होतं. त्याच्या तोंडावर दोन शब्द बोलायला हवे होते. मी म्हणाले, “पाहते.” परतीच्या एसटीत मी तुमच्यासाठी वाईट वाटून घेतलं नाही, मंदाताई. मी तुमच्यावरच संशय घेतला. नाव कोणी सुचवलं होतं? तुम्ही. ‘बोडी’ म्हणत होता की ‘बोधी’? मला माहीत नसताना तुम्ही तुमचा धर्म माझ्या पाकिटावर छापून घेतला का? शिंगाडे माझ्या तळ्यातले, बोटांना काटे माझ्या रुतलेले, आणि नाव तुमच्या बुद्धाचं? बस भंडाऱ्याला पोचेपर्यंत मी स्वतःला पुरतं पटवलं होतं की फसवणूक माझीच झाली आहे. ओरडत होते मीच, ‘बोडीतले शिंगाडे’, आणि तुम्ही माझाच शब्द उचलला होता, हे मला आठवलं नाही. किंवा आठवलं असेल आणि मी ते बाजूला सारलं असेल.

नवी पाकिटं आली त्यांवर मागे एकच नाव होतं, माझं. तुम्ही गठ्ठ्यातलं एक उचललंत, उलटं केलंत. इंदूबाई समोर होती.

“माहं नाव कुठं गेलं वं?”

“छापखानेवाल्यानं चूक केली,” मी म्हणाले.

“चूक केली म्हणते?”

“हो. आता छापून आली, काय करणार? पुढच्या वेळी टाकून घेऊ.”

तुम्ही पाकीट परत गठ्ठ्यावर ठेवलंत, कडा बोटानं सरळ केल्यात. “बरं,” एवढंच म्हणालात. पुढच्या वेळी मी टाकून घेतलं नाही. त्याच्या पुढच्या वेळीही नाही. तुम्ही पुन्हा कधी विचारलं नाहीत आणि तुमच्या न विचारण्याचीच मला भीती वाटू लागली. माणूस गप्प बसतं तेव्हा मनात काहीतरी शिजवत असतं, असं मला वाटायचं, कारण मी गप्प असताना तेच करत होते.

म्हणून साकोलीच्या ऑनलाइन सेंटरवर परवान्याचं नूतनीकरण करताना तो माणूस म्हणाला, “बाई, तुमच्या ब्रॅंडची ट्रेडमार्क नोंदणी दाखवून राहिली, पण अर्जदार एकटी मंदाबाई आहे, फर्म नाही,” तेव्हा मला धक्का बसला नाही. मला बरं वाटलं. खरंच सांगते, एक प्रकारे बरं वाटलं. म्हणजे हिशेब फिटला. मी तुमचं नाव पाकिटावरून काढलं, तुम्ही माझं नाव ब्रॅंडवरून.

त्या दुपारी मी चक्कीच्या खोलीत तुमच्यावर ओरडले. तुम्ही पीठ चाळत होता, भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

“बोडी तुमच्या एकटीच्या नावानं हाये?”

“हाये.”

“काहून?”

“अर्ज केला तेव्हा फर्म कुठं होती? फर्मच नव्हती तर फर्मच्या नावानं कसा करणार? कोणी दुसऱ्यानं नाव उचलू नये म्हणून मी घाईनं टाकून दिला. आता फर्मच्या नावावर करून घेऊ.”

“इतक्या वर्षांत झालं नाही ते आता होणार?”

तुम्ही चाळणी खाली ठेवलीत. मला वाटलं, आता पाकिटाचं काढतील. तुम्ही काढलं नाहीत. म्हणालात, “कागद तयार करते. तू सही कर.”

“मी तुमच्या कोणत्याच कागदावर सही करणार नाही,” मी म्हणाले. आणि तो शब्द मी पाळला. शब्द पाळण्याचा असा घाणेरडा प्रकार मी आयुष्यात दुसरा केला नाही.

त्यानंतर तुम्ही तिसऱ्या भागीदाराचं काढलंत. म्हणालात, फर्ममध्ये दोघीच आहोत, एक गेली की फर्म कायद्यानं आपोआप संपते. एकटीची भागीदारी नसते. परवाना, करार सगळं लोंबकळेल. तिसरं कोणी असलं तर उरलेल्या दोघी चालवू शकतात, तसं दस्तात लिहिता येतं. “प्रज्ञाले घेऊ,” तुम्ही म्हणालात.

“म्हणजे तुम्ही मायलेकी दोघी अन् मी एकटी.”

“मग तुह्या घरचं कोणी आण. तुही सून आण.”

“अन् मग तुमचं काय ठरन? चौथं कोणी?”

तुम्ही थकून खुर्चीवर बसलात. त्या वेळी तुम्ही फार लवकर थकत होता. तेही मला नाटक वाटलं. दर महिन्याला तुम्ही नागपूरला जायच्या, “पोरीकडे चालली” म्हणायच्या आणि दुसऱ्या दिवशी परत. एवढ्यासाठी कोणी जातं का पोरीकडे? मी यजमानांना म्हणाले होते, तिथं नक्की कोणत्या तरी मोठ्या व्यापाऱ्याशी बोलणी चालू आहेत. ब्रॅंड तिच्या नावावर, उद्या विकून मोकळी होईल. ते म्हणाले, “विचार ना मग तिले.” मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं आणि मला उत्तर नको होतं, संशय हवा होता. तो मला उबदार वाटायला लागला होता.

तुम्ही गेलात ते सकाळी, भंडाऱ्याच्या दवाखान्यात. प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी शिंगाडे उन्हात पसरत होते. हृदयाची झडप खराब होती, दोन वर्षांपासून, असं तिनं सांगितलं. नागपूरला तुम्ही डॉक्टरकडे जात होता. फोन ठेवल्यावर मी ताडपत्रीवर बसले आणि मला पहिल्यांदा तुमचा राग आला, खरा राग. माझ्या लबाडीसाठी तुमच्याकडे कलम होतं, संस्थेच्या भांडणासाठी ठराव होता. स्वतःच्या मरणासाठी तुम्ही तिसरा भागीदार मागत होता, आणि ते मरण तेवढं मला सांगितलं नाहीत. सांगितलं असतंत तर मी सही केली असती, मंदाताई. आणि तुम्हाला तेच नको असेल. माझ्या दयेची सही.

की यातही मी स्वतःला सोडवून घेते आहे?

पुण्यानुमोदन झालं, माणसं जेवून गेली, बाया भांडी विसळू लागल्या. मी घुटमळत राहिले. प्रज्ञा म्हणाली, “मावशी, बसा. तुमच्यासंगं काम हाये.” तिनं कपाट उघडलं. फाईल जागेवर होती. पहिल्यांदा तिनं ट्रेडमार्कचा अर्ज काढला आणि शेजारी आपला भागीदारीचा दस्त ठेवला. “आईनं सांगितलं होतं, निर्मलाले हे दोन कागद संगंच दाखवजो.”

मी दोन्हींच्या तारखा वाचल्या. अर्ज दस्ताच्या आधीचा होता. पाकिटाच्या कितीतरी आधीचा. तुमसरचा व्यापारी आपल्याला माहीतही नव्हता तेव्हाचा. तुम्ही बदला घेतला नव्हता. त्या वेळी बदला घेण्यासारखं काही घडलेलंच नव्हतं.

मग तिसरा कागद. ‘बोडी’ हे नाव तुम्ही फर्मला देत आहात, असा हस्तांतरणाचा लेख, स्टॅम्पपेपरवर टाइप केलेला. देणार म्हणून तुमची सही होती, दोन साक्षीदारांच्या सह्या होत्या. फर्मतर्फे घेणार म्हणून माझं नाव टाइप केलेलं होतं आणि त्यापुढची जागा कोरी. याच कागदाबद्दल तुम्ही मला सही कर म्हणाला होतात.

मी तो हातात धरून बसले. प्रज्ञा माझ्याकडे पाहत होती, तुमच्यासारखीच, चष्म्याच्या वरून. मग तिनं विचारलं, “मावशी, पाकिटावरून आईचं नाव कोणं काढलं?”

छापखानेवाला हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. इतक्या वर्षांची सवय. स्वयंपाकघरात बाया बोलत होत्या, नळ चालू होता. मी म्हणाले, “मी. तुमसरचा व्यापारी म्हणाला, अन् मी काढलं. तुह्या आईले खोटं सांगितलं.”

“मले माहीत हाये,” ती म्हणाली. “आईले बी माहीत होतं. ती दुसऱ्याच दिवशी छापखान्यात गेली होती. त्यानं तिले तुह्या हातची चिठ्ठी दाखवली, एक नाव काढा म्हणून.”

बोलता बोलता ती मला ‘तू’ म्हणाली. ते तिच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं.

दुसऱ्याच दिवशी. म्हणजे त्यानंतर जितके दिवस तुम्ही माझ्यासमोर बसून डबा खाल्लात, माझ्या सुनेच्या बाळंतपणाला डिंकाचे लाडू आणलेत, माझ्या बोटात रुतलेला काटा तुमच्या पर्समधल्या सुईनं काढलात, ते सगळे दिवस तुम्हाला माहीत होतं. आणि हस्तांतरणाच्या कागदावर तुम्ही सही केलीत ती त्यानंतरची. मी खूप शोधते आहे, यामागे तुमचा काय डाव असेल. मला सापडत नाही. सापडला असता तर सोपं गेलं असतं.

“तिनं मले विचारलं काहून नाही?” मी प्रज्ञाला म्हणाले.

“मी बी तेच म्हटलं होतं आईले. भांड तिच्यासंगं, म्हटलं. आई म्हणे, तिले स्वतःहून सांगू दे. तुम्ही सांगितलंच नाही.”

साकोलीच्या वकिलानं सगळे कागद पाहिले. म्हणाला, मंदाबाई गेल्या त्या दिवशी फर्म संपली, तुम्ही जुन्या नावानं एक पाकीटही काढू नका. हस्तांतरणावर त्यांची सही आहे, पण घेणारी फर्मच राहिली नाही, म्हणून वाद नको असेल तर ब्रॅंड आता मुलीचा समजा आणि तिच्याशी नव्यानं ठरवा. म्हणजे तुम्ही सांगत होता ते शब्दन् शब्द. चक्की बंद, वाळलेले शिंगाडे पोत्यांत, इंदूबाई रोज येऊन विचारते, “सुरू केव्हा होणार?” आणि किल्ली ज्या मुलीला मी चोर समजले तिच्या हातात.

मी प्रज्ञाला म्हणाले, ब्रॅंड तुझा आहे, तू ठेव, मला कामाला ठेव. ती रागावली. “नाटक नका करू मावशी. शिंगाडे कुठून आणू मी? नवी फर्म काढू. तिघी पाहिजे.” मी सहज म्हणाले, माझी सून आहे. तिनं लगेच विचारलं, “म्हणजे तुम्ही सासूसून दोघी अन् मी एकटी?”

मला हसू आलं आणि लगेच रडू. ती माझ्याकडे बघतच राहिली. तिला वाटलं असेल, म्हातारीचं डोकं फिरलं. शेवटी तिसरी भागीदार म्हणून आम्ही इंदूबाईला विचारलं. ती माझीही कोणी नाही, तुमचीही नाही. आधी तिचा विश्वास बसेना. “मले कायले घेता? काही झालं तर मले अडकवाले का?” असं ती म्हणाली आणि दोन दिवस कामावर आली नाही. तिसऱ्या दिवशी भावाला घेऊन आली, त्याला दस्त वाचायला लावला. तुम्हाला आवडलं असतं.

पाकिटावर तुमचं नाव परत टाका, असं मी प्रज्ञाला म्हणाले. ती म्हणाली, आई आता भागीदार नाही, उत्पादक म्हणून तिचं नाव टाकलं तर ते खोटं होईल. इतकी वर्षं टाकता येत होतं तेव्हा मी टाकलं नाही, आणि आता टाकायचं म्हटलं तर कायदा नको म्हणतो. मग तीच म्हणाली, “संस्थापक म्हणून टाकू. त्याले कोणाची मनाई नाही.” म्हणून ते पुढच्या बाजूला जाणार आहे, ‘बोडी’च्या खाली, आडनावासकट.

हे सांगायला मी एकटीच तुमसरला गेले. प्रज्ञा संगं येते म्हणाली, मी नको म्हटलं. व्यापारी म्हणाला, “बाई गेल्या ना आता? मग कायले?”

“फर्म त्यांनी काढली.”

“माझ्याकडे चालणार नाही.”

“मग नाही चालणार,” मी म्हणाले आणि उठले. यात काही शौर्य नाही, मंदाताई. तुम्ही जिवंत असताना हे दोन शब्द मला जमले नाहीत, आणि आता जमले तेव्हा ऐकायला तुम्ही नाही. शिवाय मला अजून खात्री नाही की मी हे तुमच्यासाठी केलं की प्रज्ञाला दिसावं म्हणून. तुमच्याबद्दलचा संशय गेला आहे. तो माझ्याकडे राहायला आला आहे.

परवा त्याच अर्जनवीसाकडे नवा दस्त लिहून झाला. एक भागीदार गेली तर उरलेल्यांनी फर्म चालवावी, हे कलम आहे. पाकिटावर काय छापायचं ते तिघींच्या लेखी संमतीनंच, हेही आहे. इंदूबाईनं सही केली, मोठ्या अक्षरांत, जीभ दातांत धरून. मी शेवटच्या पानावर सही केली आणि पेन खाली ठेवला. प्रज्ञानं गठ्ठा उलटून पुन्हा माझ्यापुढे सरकवला.

“सगळ्या पानांवर करा. खाली, कोपऱ्यात.”

“सगळ्या कायले?”

“मधलं पान कोणी बदलू नये म्हणून.”

“कोण बदलन?”

“तुम्ही,” ती म्हणाली.

अर्जनवीस खाली पाहू लागला. मी पेन उचलला आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली.